लेकराचं व्यसन : घरात लपवू नका, गटात बोला



या अंकासाठी मला दिलेला विषय होता 'युवकांमधील व्यसनाधीनता व समाजावर होणारे दुष्परिणाम'. कॉलेजात समाजकार्य शिकताना अगदी याच नावाचा प्रकल्प मी केला होता. वीस पानं, मार्कही चांगले पडले. परवा तो काढून वाचला. त्यातलं एक पानही तुमच्या कामाचं नाही. म्हणून तो बाजूला ठेवला आणि एका गटाच्या रजिस्टरापासून सुरुवात करते.

माझ्याकडच्या एका गटातल्या ताईंनी अकरा महिन्यांत तीनदा अंतर्गत कर्ज घेतलं. आधी दहा हजार, मग पंधरा, मग परत पंधरा. तिन्ही वेळा कारणाच्या रकान्यात 'मुलाचे शिक्षण'. पोरगं लातूरला खोली करून राहत होतं, नीटची तयारी, दुसरं वर्ष. लातूरला लेकरू ठेवायचं म्हणजे क्लासची फी, मेस, खोलीभाडं, किती खर्च येतो हे तुम्हाला मी काय सांगावं. त्यामुळं कुणालाच काही वेगळं वाटलं नाही. मी दर महिन्याला ते रजिस्टर तपासलं. बेरजा बरोबर होत्या, सही केली.

चौथ्या वेळी ताईंनी वीस हजार मागितले तेव्हा अध्यक्षा मावशी सहज म्हणाल्या, "फीची पावती तेवढी आण माय." ताई तिथंच रडायला लागल्या. पावती नव्हतीच. पोरगं सात महिन्यांपासून क्लासला जात नव्हतं. आधी गोळ्या, मग एमडी नावाची पावडर. आईला पाच महिन्यांपासून माहीत होतं. नवऱ्याला सांगितलं नव्हतं, कारण तो पोराला मारून टाकील. सासरी-माहेरी सांगितलं नव्हतं. गटात तर नाहीच. "कुणाला सांगू? पोरीचं लग्न राहिलंय," एवढंच म्हणत होत्या.

त्यांनीच मला हे लिहायला सांगितलं. नाव, गाव सोडून, आणि ओळख पटू नये म्हणून थोडं इकडचं तिकडं करून लिहिलंय. कोण असेल ते शोधत बसू नका. माझ्या भागात अशी एकच आई नाही.

'आपल्याकडं असलं कुठं असतंय?'

हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक बैठकीत ऐकायला मिळतो. ड्रग्ज म्हणलं की आपल्या डोळ्यासमोर मुंबई येते, सिनेमातली माणसं येतात. तर हे ऐका.

एप्रिल २०२५ मध्ये चाकूर तालुक्यातल्या रोहिणा गावच्या शिवारात केंद्र सरकारच्या महसूल गुप्तचर संचालनालयानं धाड टाकली. तिथं एमडी तयार करायचा कारखाना चालू होता. साडेअकरा किलोच्या आसपास माल सापडला, किंमत सांगितली गेली सतरा कोटी. पकडलेल्यांत एक पोलीस खात्यातलाच होता. त्याच वर्षी फेब्रुवारीत शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात, तुळजापूरच्या वाटेवर तामलवाडीला एमडीच्या पुड्या पकडल्या आणि पुढं त्या प्रकरणातल्या आरोपींची यादी तीसच्या वर गेली. आई भवानीच्या गावात! नांदेडचं बघायचं तर नोव्हेंबर २०२१ मध्ये नायगाव तालुक्यातल्या मांजरमजवळ एका ट्रकमध्ये ११२७ किलो गांजा सापडला. विशाखापट्टणमकडून निघून तो जळगावकडं चालला होता. त्याच महिन्यात नांदेडच्या कामठा भागात डोडा, म्हणजे अफूच्या बोंडांचा भुसा, शंभर किलोच्या वर धरला.

आपलाच भाग का? एक तर रस्ते. आंध्र-तेलंगणाकडून येणारा माल नांदेडवरून पुढं जातो, आणि वाटेत थोडा सांडतोच. दुसरं, शिवारातलं एखादं शेड भाड्यानं घेतलं तर तिथं काय शिजतंय हे विचारायला कुणी जात नाही. वास आला तरी लोक म्हणतात औषधाचा असेल, फवारणीचा असेल. आणि तिसरं म्हणजे गिऱ्हाईक. लातूर-नांदेडला क्लाससाठी हजारो लेकरं सोळा-सतरा वर्षांची, घरापासून लांब, खिशात महिन्याचे पैसे आणि डोक्यावर परीक्षा. विकणाऱ्याला अजून काय पाहिजे?

पण इथं एक गोष्ट स्पष्ट सांगते, नाहीतर तुम्ही एमडीलाच घाबरत बसाल. बातमी एमडीची होते, घरं मात्र दारू आणि पुडीनंच जास्त बसतात. दिल्लीच्या एम्स दवाखान्यानं केंद्र सरकारसाठी देशभर पाहणी केली होती, तिचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यात दारू पिणारे सोळा कोटी निघाले. दारूच्या पूर्ण अधीन झालेल्या ३८ माणसांमागं फक्त एकाला काहीतरी उपचार मिळाले होते. बाकीचे सदतीस कुठं होते? घरीच, बायकोच्या आणि आईच्या गळ्यात.

पुडीपासून पावडरीपर्यंत

गुटख्यावर आपल्या राज्यात जुलै २०१२ पासून बंदी आहे, आणि गुटखा कोणत्या टपरीवर मिळतो हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. शेजारच्या राज्यांतून गाड्या येतात. आठवी-नववीची पोरं सुपारीपासून चालू होतात, मग पुडी. दिवसाला तीस रुपयांची पुडी धरा. वर्षाचे होतात दहा हजार नऊशे पन्नास. गटात महिन्याला दोनशे भरणाऱ्या बाईची वर्षाची बचत होते चोवीसशे. म्हणजे आई चार वर्षं पावणेसात महिने पोटाला चिमटा घेऊन जेवढं साठवती तेवढं पोरगं एका वर्षात थुंकून टाकतं.

पैशाचं सोडा. सुपारी-गुटख्यानं तोंडाच्या आतली कातडी ताठ होते आणि तोंड उघडणं कमी होत जातं. आज रात्रीच बघा, पोराला म्हणावं तीन बोटं उभी धरून तोंडात घाल. जात नसतील, किंवा तिखट लागलं की तोंडाची आग होत असेल, तर दाताच्या डॉक्टरला दाखवा. ही कॅन्सरच्या आधीची पायरी असू शकते, आणि या पायरीवर माणूस थांबू शकतो.

(इथं कुणीतरी मनात म्हणत असेल की मॅडम, तुम्ही मिश्रीचं का लिहिना? लिहिते की. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. आपल्या बैठकीत इतिवृत्त वाचून होईपर्यंत मिश्रीची डबी गोल फिरून परत येते, मी बघितलंय. पोराला पुडी सोड म्हणताना आपल्या दातावर काय आहे तेही एकदा बघावं. रागावू नका.)

बिलोली, देगलूर, धर्माबाद, किनवट या बाजूच्या बायांना शिंदीबद्दल मी नवीन काय सांगणार? 'झाडाची असती, थंड असती' असं म्हणून घरातले म्हातारे पण पितात. पण हिशोब करून बघा. झाडं किती, रस किती निघतो, आणि दुकानात बारा महिने किती विकली जाते. वरचा भरणा येतो कुठून? तेलंगणात ताडीत क्लोरल हायड्रेट आणि अल्प्राझोलम ही झोपेची औषधं मिसळलेली वारंवार पकडली गेलीत. जुलै २०२५ मध्ये हैदराबादच्या कुकटपल्ली भागात अशीच भेसळीची ताडी पिऊन माणसं मेली. पिणाऱ्याला वाटतं आपण शिंदी पितोय, आणि शरीराला सवय लागते गोळीची. एक दिवस नाही मिळाली की अंग थरथरतं, झोप येत नाही, काही जणांना तर झटके येतात.

हीच औषधं गोळीच्या रूपात पण विकली जातात. पोरं त्याला 'बटन' म्हणतात. दारूसारखा वास येत नाही, पाकीट खिशात मावतं, आणि घरात सापडलं तरी आई म्हणते डोकं दुखत असेल. अल्प्राझोलम, नायट्राझेपाम अशा गोळ्या डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय देताच येत नाहीत. मेडिकलवाल्याला डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव वेगळ्या रजिस्टरात लिहून ते तीन वर्षं जपून ठेवावं लागतं. तुमच्या गावच्या मेडिकलमधून अशा गोळ्या पोरांना सुट्या मिळत असतील तर अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात ग्रामसंघाच्या लेटरपॅडवर अर्ज द्या. एकट्या बाईच्या नावानं देऊ नका, संघाच्या नावानं द्या.

पंक्चर काढायचं सोल्यूशन रुमालावर घेऊन हुंगणारी पोरं बसस्टँडवर दिसतात. एम्सच्या त्याच पाहणीत हुंगायची नशा ही एकच अशी निघाली की जी मोठ्या माणसांपेक्षा लहान लेकरांत जास्त आहे. गांजाला तर 'महादेवाचा प्रसाद' म्हणून आपणच सूट दिलेली. पण कोवळ्या वयात गांजा सुरू झालेल्या काही पोरांना भास व्हायला लागतात. कुणीतरी बोलतंय, कुणीतरी मारायला येतंय असं वाटतं. घरचे मग देवऋषीकडं जातात, आणि सहा महिने तिथंच जातात.

आणि एमडी. खरं नाव मेफेड्रोन. २०१५ पासून ती अंमली पदार्थांच्या कायद्यात आहे. ही झोप आणणारी नशा नाही, उलट झोप उडवणारी. म्हणून तर क्लासच्या पोरांना सांगतात, "घे, रात्रभर अभ्यास होतो." दोन-दोन दिवस झोप नाही, भूक नाही, बडबड, दात करकर खाणं, छातीत धडधड. मग उतरली की दीड दिवस मुडद्यासारखं पडून राहणं, चिडचिड, आणि जीव नकोसा होणं. त्या ताई म्हणायच्या, "सुट्टीत घरी आला की नुसता झोपायचा. मला वाटायचं अभ्यासानं शिणलंय लेकरू." मी पण ऐकून मान हलवली होती.

सुटत का नाही?

"मनावर घेतलं तर एका दिवसात सुटतं, हा मुद्दाम करतो." असं सगळे म्हणतात, बापलोक तर फारच. पण आपण सावकार बघितलेला आहे, म्हणून आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. सावकार पहिल्यांदा हसत देतो. गरज भागते, माणूस खूश. दुसऱ्यांदा पण देतो. मग कधीतरी व्याज मुद्दलापेक्षा मोठं होतं आणि आपण जे नवीन उचलतो ते फक्त जुनं भागवायला. तेव्हा त्या पैशातनं सुख काही मिळत नाही, फक्त दारात येणारा माणूस चार दिवस थांबतो.

नशेचं असंच आहे. मेंदूत आनंद वाटायची एक व्यवस्था असते. भुकेला भाकर मिळाली, पास झाला, आईनं पाठीवर हात फिरवला की ती हलते. नशा तीच व्यवस्था एकदम जोरात हलवते. मेंदू मग स्वतःचं काम कमी करतो. काही दिवसांनी तेवढ्याच मालात काही वाटत नाही, जास्त लागतो. आणि नाही घेतला तर अंग दुखतं, हात कापतात, जीव घाबरा होतो. त्या वेळी पोरगं मजेसाठी घेत नसतं, तो त्रास थांबवायला घेत असतं. माणसाचा मेंदू साधारण पंचविशीपर्यंत घडत असतो, त्यामुळं पंधराव्या वर्षी सुरू केलेल्याला चाळिशीत सुरू करणाऱ्यापेक्षा लवकर आणि घट्ट पकडतं. म्हणून याला आजार म्हणतात. आजार म्हणलं की पोराची चूक पुसली जात नाही. पण बीपीच्या माणसाला आपण चपलेनं मारत नाही ना?

घरात काय होतं

पहिली जाते ती बहीण. दादाच्या क्लासला पैसे लागतात म्हणून तिची बारावीनंतरची फी थांबते. मग दादाचं बाहेर कळायच्या आत हिचं उरकून टाकू म्हणून सतराव्या वर्षी बैठक बसते. माझ्या दोन वर्षांच्या कामात ज्या बालविवाहांची खबर वेळेत कळली, त्यातल्या दोन घरांत खरं कारण भावाचं किंवा बापाचं व्यसन होतं. मग जातं ते घरातलं सामान. सिलिंडर, बियाणाची पिशवी, आईच्या कानातलं. मग गाडीवरून पडणं, भांडणं, पोलीस. गटाचं बघायचं तर हप्ता थकतो, बाकीच्या बाया बोलायला लागतात, ती बाई बैठकीला यायची बंद होते. गट तुटायला एवढं पुरे असतं.

पण मला सगळ्यात राग येतो तो एका वाक्याचा. "लग्न करून द्या, आपोआप सुधारतो." आपणच म्हणतो हे, बायाच. कुणाची तरी लेक आणायची, तिला काही सांगायचं नाही, आणि तिच्याकडून आपल्या पोराचा उपचार करून घ्यायचा. डॉक्टरला जमलं नाही ते एकोणीस वर्षांच्या पोरीनं करायचं. दोन वर्षांत ती अंगावर वळ घेऊन, कडेवर लेकरू घेऊन माहेरी येते, आणि पुढं कोणत्यातरी गावात कोणत्यातरी गटाची सदस्य होते. आपल्या रजिस्टरात अशा किती आहेत, मोजून बघा. ज्या घरात पोराचं व्यसन माहीत आहे तिथं सोयरीक जुळवायला मध्यस्थी करू नका, एवढं तरी आपण बायांनी ठरवू शकतो.

कळलं तर काय करायचं

आधी खात्री करा. झोपेची वेळ उलटी होणं, जुने मित्र तुटून नवीन येणं, संडासात-बाथरूममध्ये फार वेळ बसणं, बोलणं जड होणं पण तोंडाला वास नसणं, खिशात चांदीच्या कागदाचे तुकडे, पैशाची सारखी नवी कारणं. यातलं एखादं दिसलं म्हणजे व्यसनच असं नाही, परीक्षेच्या ताणानं पण झोप उडते. पण चार गोष्टी एकत्र दिसल्या तर डोळे झाकू नका.

नशेत असताना भांडू नका, त्याचा उपयोग शून्य. उतरल्यावर, शक्यतो सकाळी, एकट्याला बसवून बोला. मला काय दिसतंय ते सांगा, 'तू असाच' म्हणू नका. पैसे हातात देऊ नका. फी असेल तर क्लासच्या खात्यावर भरा, मेसचे मेसवाल्याला द्या. त्यानं केलेली उसनवारी तुम्ही गुपचूप फेडत बसलात तर त्याला थांबायचं कारणच उरत नाही. हे आईला फार जड जातं, मला माहीत आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. रोज दारू पिणारा, किंवा बटन-शिंदीची सवय झालेला माणूस असेल तर त्याला खोलीत कोंडून एकदम बंद करू नका. "चार दिवस कुलूप लावा, सरळ होतो" यातून जीव जाऊ शकतो. अचानक बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत झटके येतात, भास होतात, माणूस ओळखत नाही. २०१५ साली तेलंगणात भेसळीच्या ताडीवर कारवाई होऊन पुरवठा एकदम थांबला, तेव्हा अशी शेकडो माणसं दवाखान्यात आणावी लागली. बंद करायचंच आहे, पण डॉक्टरच्या देखरेखीत. चार-आठ दिवस औषधं देऊन उतरवतात, मग पुढचे उपचार.

बसवर, भिंतीवर जाहिरात असते, 'न सांगता दारू सोडवा'. भाजीत मिसळायची पावडर. कृपा करून देऊ नका. त्यात डायसल्फिरामसारखं औषध असेल आणि त्यावर माणूस प्यायला, तर तोंड लालबुंद होतं, बीपी पडतं, मरू पण शकतो. हे औषध डॉक्टरही देतात, पण रुग्णाला सांगून, तपासण्या करून.

जायचं कुठं? नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय संस्था, दोन्हीकडं मानसोपचार विभाग आहे. केसपेपर काढताना 'मानसोपचार' एवढं म्हणायचं, खिडकीवर सगळी कहाणी सांगायची गरज नाही. जाणं जमत नसेल तर आधी फोन करा. १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठीचा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर. १४४१६ हा टेलिमानसचा, तिथं मराठीत बोलता येतं, दिवस-रात्र चालू असतो. दोन्ही फुकट. आईनं स्वतःसाठी केला तरी चालतो. पाच महिने एकटीनं हे पोटात ठेवणाऱ्या बाईला पण कुणाशी तरी बोलायचं असतंच.

खासगी केंद्रात ठेवायचं असेल तर आधी स्वतः जाऊन बघा. नोंदणी आहे का, डॉक्टर रोज येतात का, भेटायला देतात का, हे विचारा. त्या ताईंनी पोराला घाईघाईत एका केंद्रात टाकलं. महिन्याचे बारा हजार घेतले, भेटू दिलं नाही, पोरगं पाठीवर वळ घेऊन परत आलं आणि आठव्या दिवशी पुन्हा सुरू. मानसिक आरोग्याच्या २०१७ च्या कायद्यानं साखळीनं बांधायला बंदी आहे, आणि मारहाण हा उपचार नाही. चांगलं काम कसं असतं ते बघायचं तर पुण्याचं मुक्तांगण आहे, १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या देणगीतून सुरू केलेलं. तिथं पस्तीस दिवस राहावं लागतं, आणि बायकांसाठी 'सहचरी' नावाचा वेगळा गट चालतो. म्हणजे बचत गटासारखंच, फक्त तिथं दुःख जमा करतात.

आणि परत घसरला तर? बरेच जण घसरतात. ज्वारीला पहिल्या पेऱ्यात उगवण कमी झाली म्हणून आपण शेत विकत नाही. परत दवाखान्यात न्यायचं.

पोलिसांची भीती

"दवाखान्यात नेलं तर पोलीस केस होईल," या भीतीनं फार लेकरं घरीच राहतात. डॉक्टर तुमच्या पोराची माहिती गुप्त ठेवतात. शिवाय अंमली पदार्थांच्या कायद्यातच, कलम ६४-अ मध्ये, असं आहे की फक्त सेवनाच्या किंवा अगदी थोडा माल जवळ असल्याच्या गुन्ह्यात अडकलेला व्यसनी स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार मात्र पूर्ण करावा लागतो, आणि विकणाऱ्याला ही सवलत नाही.

विकणाऱ्यासाठी दुसरे कायदे आहेत. १८ वर्षांखालच्या लेकराला दारू, तंबाखू किंवा कोणतीही नशेची वस्तू देणाऱ्याला बाल न्याय कायदा २०१५, कलम ७७ प्रमाणं सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही. १९३३ या नंबरवर ड्रग्ज विकणाऱ्याची खबर देता येते, नाव गुप्त राहतं. गावातलं परवान्याचं दारू दुकान बंद करायला २५ टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली की गुप्त मतदान घेतात. पण लक्षात ठेवा, आडव्या बाटलीला मतं पडावी लागतात गावातल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्यापेक्षा जास्त. त्या दिवशी मतदानाला आलेल्यांच्या निम्मी नाही. म्हणजे ऊसतोडीला गेलेल्या बाया परत यायच्या आत मतदान लागलं तर आपण तिथंच हरलो. तारीख मागताना हे डोक्यात ठेवा.

गटानं काय बदललं

त्या दिवशी बैठकीत दोन बाया म्हणाल्या, "आधीचं फेडल्याशिवाय हिला काही देऊ नका." चूक नव्हत्या, पैसा सगळ्यांचा आहे. अध्यक्षा मावशींनी मग मधला मार्ग काढला. जुन्या चाळीस हजारातला थकलेला भाग लहान हप्त्यात बांधून दिला. नवीन दहा हजार दिले, पण ताईंच्या हातात नाही. दवाखाना, औषध, गाडीभाडं, जसं लागेल तसं सचिव ताई बरोबर जाऊन भरत होत्या. कारणाच्या रकान्यात 'आरोग्य' लिहिलं. दशसूत्रीत आरोग्य आहेच की. आणि ठरलं की 'शिक्षण' म्हणून कर्ज मागितलं तर पावती बघायची, सगळ्यांची, एकटीची नाही.

नवऱ्याला सांगायला मावशी आणि सीआरपी ताई दोघी घरी गेल्या. तो पोराला मारेल म्हणून सगळ्या घाबरल्या होत्या. तो ओसरीवर बसून रडला.

पोरगं दीड महिना उपचारात होतं, मध्ये एकदा घसरलं, परत नेलं. आता सात महिने झालेत. नीटचं सोडलं, नांदेडला एका मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात शिकायला जातं आणि संध्याकाळच्या बसनं घरी येतं. ताई अजून रात्री त्याचा श्वास चालू आहे का बघायला दोनदा उठतात. हप्ता पंधराशेचा आहे, दर महिन्याला येतो.

माझ्याकडच्या सगळ्या गटांची मागच्या वर्षीची रजिस्टरं मी परत काढली आहेत. एकाच कारणासाठी वर्षात तीन किंवा जास्त कर्जं झालेल्या नोंदी वेगळ्या करते आहे. कारण व्यसनच असेल असं नाही, कुठं आजारपण असेल, कुठं सावकार असेल. पण मी आता त्या घरी जाऊन विचारणार आहे. ज्या ग्रामसंघाला हा विषय पुढच्या मासिक बैठकीत घ्यायचा असेल त्यांनी २० तारखेच्या आत सीआरपी ताईकडं नाव द्यावं, मी येते. आणि कुणाला सगळ्यांसमोर बोलायचं नसेल तर बैठक सुटल्यावर मला रस्त्यापर्यंत सोडायला या. तेवढ्या वाटेत बोलून होतं.